दरबार आणि ओवी

इ. स. १५७९ च्या अखेरीस गोव्यात चोवीस दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. २४ ऑक्टोबर रोजी लिस्बनहून आलेली जहाजे बंदराला लागली आणि त्यांतून थॉमस स्टीफन्स नावाचा, वयाने तिशीच्या आसपास असलेला एक इंग्रज जेझुइट उतरला. १७ नोव्हेंबर रोजी याच शहरातून येशूसंघाचे तीन पाद्री उत्तरेकडे जाण्यासाठी निघाले. त्यांना अकबर बादशहाने फत्तेपूर सिक्रीच्या दरबारी पाचारण केले होते. एक माणूस आला आणि तिघे गेले. त्या वेळी गोवेकरांच्या दृष्टीने महत्त्वाची घटना कोणती, याविषयी दुमत असण्याचे कारण नव्हते. हिंदुस्थानचा सम्राट ख्रिस्ताची कथा ऐकू इच्छितो, ही वार्ता रोमपर्यंत पोचणार होती. किनाऱ्यावर उतरलेल्या इंग्रजाची दखल घेण्यासारखे मात्र अद्याप काहीच घडलेले नव्हते.

पुढील चाळीस वर्षांत या दोन वाटांवरून दोन ग्रंथ निर्माण झाले. एक दरबारासाठी फारसी भाषेत लिहिला गेला, दुसरा साष्टीच्या खेड्यांसाठी मराठी ओवीत. दोहोंचा विषय एकच होता, येशू ख्रिस्ताचे चरित्र. लेखकही एकाच संघाचे होते. या दोन ग्रंथांचे पुढे काय झाले, हे पाहिले असता धर्म आणि संस्कृती यांच्या संबंधाविषयी काही एक बोध होतो. तो वरवर पाहता वाटतो तितका सरळ नाही.

येशूसंघाची स्थापना १५४० ची आणि या संघाचा पहिला मोठा धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर गोव्यात आला तो १५४२ मध्ये. ज्या देशात जावे त्या देशाची भाषा आत्मसात करावी, ही शिस्त या संघाने आरंभापासून पाळली. राजा ख्रिस्ती झाला की प्रजा आपोआप त्याच्या मागे येते, हा युरोपच्या इतिहासावरून काढलेला निष्कर्षही संघातील अनेकांच्या मनात पक्का होता. अकबराचे निमंत्रण आले तेव्हा या दोन्ही गोष्टींची परीक्षा होण्याची वेळ आली.

उत्तरेकडे निघालेल्या तिघांचा प्रमुख रुदोल्फ अक्वाविवा हा इटलीतील एका ड्यूकचा मुलगा. त्याच्याबरोबर कातालान प्रदेशातील आंतोनियो मोन्सेरात आणि मूळचा होर्मुझचा, फारसी जाणणारा फ्रान्सिस्को हेन्रिकेस असे दोघे होते. दमण, सुरत, मांडू, उज्जैन असा प्रवास करीत २८ फेब्रुवारी १५८० रोजी अक्वाविवा फत्तेपुरास पोचला. वाटेत आजारी पडलेला मोन्सेरात काही दिवसांनी त्याला येऊन मिळाला. त्यांनी बादशहाला अँटवर्प येथे छापलेल्या बहुभाषी बायबलचे खंड नजर केले. अकबराने पागोटे उतरवून प्रत्येक खंडाचे चुंबन घेतले आणि तो मस्तकी लावला, असे मोन्सेरात नमूद करतो. शाहजादा मुराद याला शिकविण्याचे काम मोन्सेरातकडे आले, तर शुभवर्तमानाच्या भाषांतराची कामगिरी अबुल फजलवर सोपविण्यात आली. इबादतखान्यात मुल्लामौलवींशी रात्री उशिरापर्यंत वाद रंगू लागले.

१५८१ मध्ये अकबर काबूलच्या मोहिमेवर निघाला तेव्हा मोन्सेरात त्याच्या लष्कराबरोबर होता. दिल्लीत त्याने हुमायूनची कबर आणि तिच्याभोवतालची बाग पाहिली. राजधानीचा मान गेलेल्या त्या शहराचे वर्णन त्याच्या लॅटिन वृत्तांतात आले आहे. वाटेतील स्थळांचे अक्षांश मोजीत, नद्या आणि डोंगर टिपून घेत तो चालला होता. त्यातून तयार झालेला उत्तर हिंदुस्थानचा नकाशा युरोपीय माणसाने प्रत्यक्ष पाहणीतून काढलेल्या या प्रदेशाच्या पहिल्या नकाशांपैकी एक होय. हा वृत्तांत पुढे तीन शतके अज्ञात राहिला आणि १९०६ मध्ये कलकत्त्यातील एका ग्रंथसंग्रहात सापडला. ज्या कामासाठी मोन्सेरातला पाठविले होते, ते काम मात्र पुढे सरकत नव्हते. बादशहा ऐकत होता, प्रश्न विचारीत होता, मेरीच्या चित्रापुढे आदराने उभा राहत होता; पण तो ख्रिस्ती होत नव्हता. सर्व धर्मांतील सार घेऊ पाहणाऱ्या त्या मनाला एका धर्माच्या चौकटीत बसणे मान्य नव्हते. १५८३ मध्ये अक्वाविवा गोव्यास परतला.

येथे दोन वाटा प्रथम एकमेकींना मिळाल्या, आणि त्या एका भीषण प्रसंगाने. परतलेल्या अक्वाविवाकडे साष्टी प्रांतातील मिशनचे प्रमुखपद सोपविण्यात आले होते. या प्रांताची स्थिती आग्रा-फत्तेपूरहून अगदी निराळी होती. बादशहाच्या दरबारी पाद्री पाहुणे होते. बादशहाने रजा दिली की त्यांना निघावे लागे. साष्टीत त्यांच्यामागे पोर्तुगीज सत्ता उभी होती. १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय सुरू झाले होते, आणि १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडण्यात आली होती. कुंकळ्ळी आणि आसपासच्या गावांनी या सत्तेला विरोध केला, तेव्हा त्यांवर लष्करी कारवाईही झाली होती. २५ जुलै १५८३ रोजी अक्वाविवा चार सहकाऱ्यांसह कुंकळ्ळीत नव्या प्रार्थनामंदिरासाठी जागा पाहावयास गेला असता गावकऱ्यांनी त्या पाचही जणांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही ख्रिस्ती माणसांना ठार मारले. मृतदेह परत मिळविण्याचे काम ज्याच्या वाट्याला आले, तो थॉमस स्टीफन्स होता. चार वर्षांपूर्वी दरबाराच्या वाटेने गेलेल्या पाद्र्याचा देह दुसऱ्या वाटेने आलेल्या पाद्र्याने ताब्यात घेतला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी पुढे कुंकळ्ळीच्या गावकर मंडळींना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले आणि त्यांचा वध केला. १८९३ मध्ये चर्चने त्या पाच पाद्र्यांना धन्य म्हणून घोषित केले. गावकऱ्यांची स्मृती कुंकळ्ळीने आपल्या परीने जपली; आज त्या गावात त्यांचे स्मारक उभे आहे. हे दोन्ही स्मरण एकाच मातीतील असल्याने इतिहासाने दोहोंची नोंद घेणे क्रमप्राप्त आहे.

दरबाराची आशा मात्र संघाने सोडली नाही. १५९१ मधील दुसरा प्रयत्न अल्पावधीत संपला. तिसऱ्या मंडळाचा प्रमुख जेरोनिमो झेवियर हा फ्रान्सिस झेवियरच्या घराण्यातील होता. १५९५ मध्ये तो लाहोरला अकबराच्या दरबारी दाखल झाला आणि सुमारे वीस वर्षे अकबर व जहांगीर या दोन बादशहांच्या सहवासात राहिला. अकबराच्या दक्षिणेच्या मोहिमेत तो बऱ्हाणपुरापर्यंत आला. असीरगड पडला तेव्हा तो बादशहाच्या छावणीत होता. त्याने फारसीचा कसून अभ्यास केला आणि अब्दुस्सत्तार बिन कासिम लाहोरी या विद्वानाच्या साहाय्याने १६०२ मध्ये ‘मिरआत-उल-कुद्स’, म्हणजे ‘पावित्र्याचा आरसा’, हे ख्रिस्तचरित्र पूर्ण करून अकबराला सादर केले. दरबारी चित्रकारांनी त्याच्या प्रती सजविल्या. अशी एक सचित्र प्रत आज अमेरिकेत क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयात आहे.

या सहकार्याची एक बाजू विशेष लक्षणीय आहे. अब्दुस्सत्तारने झेवियरला फारसी लेखनात मदत केली, त्याच्याकडून युरोपीय भाषा व विद्या घेतली आणि ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांविषयी स्वतंत्र ग्रंथ रचला. पुढे जहांगीरच्या रात्रीच्या मजलिशीत पाद्र्यांच्या मतांचे खंडन करण्यास तोच पुढे सरसावला. जे ज्ञान त्याने त्यांच्यापासून मिळविले होते, त्याचाच त्याने त्यांच्याविरुद्ध उपयोग केला. यात कृतघ्नता पाहण्याचे कारण नाही. दरबारात विचार मोकळेपणाने मांडता येत होता आणि तितक्याच मोकळेपणाने नाकारताही येत होता, एवढाच त्याचा अर्थ. १६१० मध्ये जहांगीरच्या तीन पुतण्यांना आग्ऱ्यात थाटामाटाने बाप्तिस्मा देण्यात आला, तेव्हा संघाच्या आशा शिगेस पोचल्या. तीन वर्षे होतात न होतात तोच त्या तिघांनी नवा धर्म टाकून दिला. त्याच वर्षी, १६१३ मध्ये, पोर्तुगिजांनी जहांगीरच्या मातेचे ‘रहीमी’ हे जहाज पकडले. बादशहाची मर्जी फिरली, आग्ऱ्याचे चर्च बंद झाले. राजाची कृपा ही केवढी अस्थिर भूमी आहे, याचा प्रत्यय येण्यास एक जहाज पुरेसे झाले.

जेरोनिमो झेवियर गोव्यास परतला आणि १६१७ मध्ये तेथेच निवर्तला. त्याचे फारसी ख्रिस्तचरित्र १६३९ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे लॅटिन भाषांतरासह छापले गेले. ते छापणारा विद्वान प्रॉटेस्टंट पंथाचा होता, आणि कॅथलिक पाद्र्याने मूळ कथा कशी बिघडविली हे दाखविणे हा त्याचा हेतू होता. ज्या देशासाठी हा ग्रंथ लिहिला, त्या देशात तो ग्रंथालयांच्या कपाटांत राहिला. कोणी त्याचे पारायण केले नाही, कोणी तो गाइला नाही.

याचा अर्थ दरबारातील पाद्र्यांचे श्रम वाया गेले, असा मात्र नव्हे. त्यांनी बरोबर आणलेल्या चित्रांनी मोगल चित्रशाळेवर जो परिणाम केला तो कोणत्याही प्रवचनाने झाला नसता. केसूदास, बसावन, मनोहर यांसारख्या चित्रकारांनी युरोपीय छापचित्रांचा अभ्यास केला. अबुल हसन या अवघ्या तेरा वर्षांच्या मुलाने १६०० मध्ये जर्मन कलावंत ड्यूरर याच्या चित्रावरून संत योहानाची आकृती रेखाटली. तो पुढे जहांगीरच्या दरबारातील अग्रगण्य चित्रकार झाला. छायाप्रकाशाने येणारी घनता, दूरवर विरळ होत जाणारे निसर्गदृश्य, बादशहाच्या मस्तकाभोवतीचे तेजोवलय, त्याच्यावर छत्र धरणारे पंखवाले बालदूत या साऱ्यांचे दुवे त्या चित्रांपर्यंत जातात. ख्रिस्ती चित्रांतील देवदूत अशा रीतीने मोगल बादशाहीच्या वैभवाची ग्वाही देऊ लागले. पाद्र्यांना अपेक्षित होते ते हे नव्हते. संस्कृतीने मात्र आपल्याला हवे ते घेतले.

आता दुसऱ्या वाटेकडे वळावे. थॉमस स्टीफन्सचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे धोक्याचे होते. रोमला जाऊन त्याने येशूसंघात प्रवेश केला आणि तेथून तो गोव्यास आला. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज तोच. व्यापार किंवा सत्ता यांच्याशी ज्यांचे नाव पुढे जोडले गेले, त्या इंग्रजांच्या परंपरेचा आरंभ एका भाषाभ्यासकाने व्हावा, ही इतिहासातील एक विसंगती म्हणावी लागेल. साष्टीतील मडगाव, रायतूर या परिसरात त्याने सुमारे चाळीस वर्षे काढली. १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने येथील भाषांच्या रचनेचे ग्रीक व लॅटिनशी साम्य असल्याचे नोंदविले. सर विल्यम जोन्सच्या सुप्रसिद्ध प्रतिपादनाच्या दोनशे वर्षे आधी केलेले हे निरीक्षण आहे.

साष्टीतील नवख्रिस्ती लोक एका विचित्र पोकळीत सापडले होते. देवळे गेली होती. कथापुराणे, कीर्तने, जत्रा बंद झाल्या होत्या. पूर्वीचे ग्रंथ बाळगणे हा अपराध ठरला होता. जेझुइटांनी त्या ग्रंथांचा अभ्यास मात्र केला. रामायण-महाभारतातील कथांच्या कोकणी व मराठी प्रती रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या आढळतात, आणि त्यांतील काही पोर्तुगालमधील ब्रागा येथे आजही सुरक्षित आहेत. लोकांपासून हिरावलेल्या पोथ्या पाद्र्यांच्या मेजावर होत्या, असे म्हटले तर ते कठोर असले तरी असत्य ठरणार नाही. स्टीफन्सच्या ग्रंथाच्या आरंभीच असा प्रसंग येतो की, एक ख्रिस्ती झालेला गृहस्थ पाद्र्याला विनवितो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर मग त्यांच्या जागी आम्हांला आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न खरोखर कोणी विचारला की कवीने रचला, हे गौण आहे. तो ग्रंथात आला, म्हणजे कवीला तो ऐकू आला होता.

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’. दोन खंड, अनुक्रमे ३६ आणि ५९ अवस्वर, आणि एकूण सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या खंडात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा येते, दुसऱ्यात ख्रिस्ताचे जीवन. घरोघरी बोलली जाणारी भाषा कोकणी होती, परंतु गोव्यात धर्मग्रंथांची आणि काव्याची भाषा मराठी होती. म्हणून कवीने मराठीची निवड केली आणि तिच्यात बोलीतील शब्द सहज मिसळू दिले. एकनाथांचे निर्याण १५९९ चे, तुकारामांचा जन्म १६०८ चा. या दोन तारखांच्या अवतीभोवती एक परदेशी माणूस ज्ञानेश्वर-एकनाथांनी घडविलेल्या ओवीत आपली कथा बसवीत होता. त्याच्या ग्रंथात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, मुक्ती आहे, मोक्ष आहे, भक्ती आहे. क्रूस, बाप्तिज्म असे संघाने आणलेले शब्दही त्यांच्या शेजारी येऊन बसतात. जुन्या शब्दांत नवा अर्थ भरताना जुना अर्थ पूर्णपणे निघून जात नाही, हे त्याला कळले नसेल असे म्हणवत नाही. हा धोका त्याने पत्करला, आणि त्यामुळेच त्याची कथा ऐकणाऱ्याला परकी वाटली नाही. मराठी भाषेचे कौतुक करणाऱ्या त्याच्या ओव्या तर आज मराठी अभिमानाचे धन होऊन बसल्या आहेत.

ग्रंथ छापला तो मात्र रोमन लिपीत. याचे कारण उपेक्षा नव्हे. स्टीफन्सने १६०८ मध्ये रोमला संघाच्या जनरलकडे पत्र पाठवून येथील लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली होती. येथील अक्षरे स्वरव्यंजनांच्या जोडणीने बनत असल्याने शेकडो साचे लागतील, याचा हिशेबही त्याने मांडला होता. हे पत्र ज्याला लिहिले, तो जनरल क्लॉदियो अक्वाविवा हा कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रुदोल्फचा चुलता. खिळे झाले नाहीत. दरबारातील ग्रंथाला सुलेखनकार आणि चित्रकार लाभले, तर खेड्यातील ग्रंथाला स्वतःची लिपीसुद्धा लाभली नाही. १६१९ मध्ये स्टीफन्स निवर्तला. त्याचा कोकणी भाषेतील धर्मप्रश्नोत्तरांचा ग्रंथ १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. पुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

यापुढील इतिहास अधिक बोलका आहे. १६८३-८४ च्या हिवाळ्यात संभाजी महाराजांनी साष्टी व बारदेशावर स्वारी केली आणि गोव्याची सत्ता हादरली. त्यानंतर काही महिन्यांतच, जून १६८४ मध्ये, पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून प्रजेने तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम दिला. ज्या सत्तेच्या आश्रयाने पुराण छापले गेले, तिनेच त्याच्या भाषेवर घाला घातला. सत्तेच्या बळावर आलेला ग्रंथ सत्तेच्या विरोधात टिकेल काय, ही त्याची खरी कसोटी होती. तो टिकला. गोवा सोडून मंगळूर प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखित प्रती बरोबर नेल्या. टिपू सुलतानाच्या काळात या समाजाला श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात दिवस काढावे लागले, तेव्हा या ओव्यांनीच त्याला धीर दिला, असे परंपरा सांगते. याच प्रतींवरून जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला पुराणाची आवृत्ती काढली. लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी लिपीतील हस्तलिखितही सापडले. त्याची भाषा अधिक संस्कृतप्रचुर असल्याने मूळ पाठ कोणता, हा वाद विद्वानांत सुरू झाला. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली आणि १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची आवृत्ती आली. म्हणजे ज्या लिपीसाठी कवीने रोमला पत्र लिहिले, त्या लिपीत त्याचा ग्रंथ छापला जाण्यास साडेतीनशे वर्षांच्या आसपास काळ जावा लागला.

इकडे उत्तरेत, शाहजहानने राजधानी दिल्लीस हलविल्यानंतर पाद्रीही तेथे आले. दारा शुकोह त्यांच्याशी चर्चा करी. तो गेला आणि तो आधारही गेला. अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांचा मोठा आश्रय म्हणजे जुलियाना डायस दा कोस्टा ही पोर्तुगीज वंशाची स्त्री. औरंगजेबाच्या कैदेत असलेल्या शाहजादा मुअज्जमची तिने सेवा केली होती. तो बहादुरशहा म्हणून गादीवर आल्यावर तिला मोठा मान मिळाला. १७१४ मध्ये तिबेटच्या वाटेवर असलेला इप्पोलितो देसिदेरी हा पाद्री दिल्लीत आला असता त्यालाही तिचे साहाय्य झाले. ओखल्याजवळ तिच्या नावाने वसलेली सराय जुलेना ही वस्ती आज दिल्ली महानगराच्या पोटात आहे. १७३७ मध्ये बाजीराव पेशव्यांची फौज ज्या कालकादेवीच्या परिसरात उतरली होती, तो तेथून दूर नाही. त्या वस्तीच्या नावात कोणाची स्मृती दडली आहे, हे तेथून जाणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असेल.

विद्येच्या क्षेत्रात मात्र दिल्लीतील संबंध फलद्रूप झाला. १७२४ मध्ये दिल्लीचे जंतरमंतर उभारणाऱ्या सवाई जयसिंगाने मानुएल द फिगेरेदो या पाद्र्याबरोबर आपली माणसे पोर्तुगालला धाडली आणि तेथून ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके आणविली. आपल्या वेधांशी ती ताडून पाहता चंद्राच्या स्थितीत फरक आढळला, तेव्हा त्याने तो निःसंकोचपणे नोंदविला. येथेही अब्दुस्सत्तारच्या वृत्तीचीच आठवण होते: ज्ञान घ्यावयाचे, पण पारखून घ्यावयाचे. १७३९ च्या नादिरशहाच्या स्वारीत दिल्लीतील चर्चे नष्ट झाली. १७५९ मध्ये पोर्तुगालने येशूसंघाला आपल्या मुलखातून हद्दपार केले आणि १७७३ मध्ये पोपने संघच विसर्जित केला. पुढे महादजी शिंदे दिल्लीच्या राजकारणाचे सूत्रधार झाले, त्या काळात सरधन्याची बेगम समरू ख्रिस्ती धर्मात आली होती. १८२० च्या सुमारास तिने मेरठजवळ बांधलेल्या भव्य चर्चमध्ये आजही सर्व धर्मांची माणसे नवस बोलावयास येतात. ती दरबारी वादसभेच्या वाटेने आली नाहीत. आपल्या सुखदुःखाच्या ओढीने आली.

विसाव्या शतकात उत्तरेतही एका जेझुइटाने स्टीफन्सचीच वाट धरली. १९०९ मध्ये बेल्जियममध्ये जन्मलेला कामिल बुल्के १९३५ मध्ये भारतात आला. त्याच्यामागे कोणतीही सत्ता नव्हती. पुढे येथे जे राज्य आले त्याचे नागरिकत्व त्याने १९५१ मध्ये स्वीकारले. तुलसीदासांच्या काव्याने भारून जाऊन त्यांनी अलाहाबाद विद्यापीठात रामकथेच्या उगमाचा आणि विकासाचा शोध घेतला आणि प्रबंध हिंदीतच लिहिण्याचा आग्रह धरला. त्यासाठी विद्यापीठाला नियम बदलावा लागला. १९५० मध्ये त्यांचा ‘रामकथा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, १९६८ मध्ये इंग्रजी-हिंदी कोश आला. स्टीफन्सने ख्रिस्ताची कथा पुराणाच्या रूपात मांडली. बुल्के यांनी आपला धर्म न सोडता रामाच्या कथेची सेवा केली. साष्टीत जे देणे बाकी राहिले होते, ते जणू येथे काही अंशी फिटले. १७ ऑगस्ट १९८२ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि काश्मिरी दरवाजाजवळच्या निकल्सन दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. २०१८ मध्ये त्यांचे अवशेष तेथून रांचीला, जेथे त्यांनी आयुष्यभर अध्यापन केले त्या महाविद्यालयाच्या आवारात, नेण्यात आले.

मराठीतही ही परंपरा खंडित झाली नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल आजच्या मराठीत आणले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला, धमक्याही आल्या. तरीही संमेलन पार पडले. एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचा प्रतिनिधी असू शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर १६१६ मध्येच दिले गेले होते. ते पुन्हा द्यावे लागले, एवढेच. २०२४ मध्ये ते निवर्तले.

१५७९ मध्ये गोव्याहून निघालेल्या दोन वाटांचा हिशेब मांडताना एकीला यश आणि दुसरीला अपयश म्हणणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. दरबारात पाद्र्यांच्या हाती बळ नव्हते, म्हणून तेथे संवाद मोकळा राहिला आणि त्यातून चित्रे, नकाशे, वेध असे सर्वांच्या उपयोगाचे धन मागे उरले. साष्टीत बळ होते, आणि त्या बळाने केलेल्या जखमा अद्याप विसरल्या गेलेल्या नाहीत. त्याच भूमीत एका परदेशी माणसाने चाळीस वर्षे लोकांची भाषा ऐकली आणि त्यांच्याच छंदात त्यांना उत्तर दिले. फर्मान काढणारे राज्य गेले, धर्मन्यायालय गेले, रायतूरच्या छापील प्रतीही गेल्या. ओव्या राहिल्या, कारण त्या ज्यांच्यासाठी लिहिल्या होत्या त्यांनी त्या आपल्या मानल्या, हाताने उतरवून घेतल्या आणि घर सोडण्याची वेळ आली तेव्हा बरोबर नेल्या.